गावरान मुळ्याचं बी पुन्हा धरताना: सप्टेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

जागा पुणे जिल्ह्यातली, मध्यम काळी, निचऱ्याची जमीन, विहिरीचं पाणी. वाण गावरान, पांढरा, लांब मुळा. हे बी दुकानात मिळत नाही, घरोघरीच टिकलं आहे आणि गेल्या काही वर्षांत बिघडत चाललं आहे.

बिघडण्याचं कारण बी धरायच्या पद्धतीत आहे. बाजाराला मुळा उपटून झाला की वाफ्यात उरेल तो तसाच ठेवायचा, त्याला फुलांचा दांडा आला की शेंगा वाळवून बी काढायचं, ही नेहमीची रीत. तिच्यात सरळ, भरलेला मुळा आधीच जुडीत बांधून बाजारात जातो. बी धरतो तो उरलासुरला: केसाळ, वाकडा, आणि सगळ्यांत आधी दांडा काढणारा. म्हणजे दरवर्षी खराब मुळ्याचीच निवड होत राहते. या नोंदी त्याच्या उलट पद्धतीच्या आहेत: मुळा उपटायचा, बघायचा, निवडायचा, छाटायचा आणि मग बियाण्यासाठी पुन्हा लावायचा.

२२ सप्टेंबर २०२३. पेरणी

अर्धा गुंठा, म्हणजे साधारण ५० चौरस मीटर. सरी-वरंबा ४५ सेंटीमीटरवर, वरंब्याच्या माथ्यावर १० सेंटीमीटरवर टोकण, एका जागी ३ बिया, खोली दीड सेंटीमीटर. बी लागलं ४० ग्रॅम. शेणखत १२० किलो.

इथे पहिली चूक झाली, ती पुढे महागात पडली. उकिरड्याच्या वरच्या थरातलं अर्धवट कुजलेलं खत पूर्वेकडच्या तीन वरंब्यांत गेलं. मुळ्याला ताजं खत अजिबात घालू नये. वाढणारं मूळ अशा गोळ्याला अडलं की फाटे फुटतात.

७ ऑक्टोबर. विरळणी

पंधराव्या दिवशी एका जागी एकच रोप ठेवलं. उपटलेल्या रोपांची भाजी झाली. विरळणी तीन-चार दिवस आधी करायला हवी होती. उशिरा उपटताना शेजारच्या रोपाची मुळी हलते आणि हललेलं मूळ पुढे वाकडं होतं. शेजारचं रोप बोटाने दाबून धरून उपटलं की हा त्रास बराच कमी होतो.

१४ ऑक्टोबर. काळी अळी

पानांना गोल भोकं. मोहरीवर येते तीच काळी अळी. हात लागला की अंगाची गुंडाळी करून खाली पडते, म्हणून पानाखाली सूप किंवा पाटी धरून झाड हलवायचं. अळी सकाळी आणि संध्याकाळी पानावर असते, दुपारी मातीत दडते. आधी दुपारी दोनदा शोधली तेव्हा काहीच सापडलं नाही, त्यात दोन दिवस गेले. नंतर तीन सकाळी वेचल्यावर प्रश्न मिटला. फवारणी केली नाही.

३ नोव्हेंबर. लवकर दांडा काढणारे

बेचाळिसाव्या दिवशी ३४ झाडांनी दांडा काढलेला. सगळी उपटून टाकली. जुन्या रीतीने याच ३४ झाडांनी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त बी दिलं असतं. ज्याचा दांडा लवकर येतो त्याचा मुळा भरत नाही, आणि हा गुण बियांतून पुढे जातो. या टप्प्यावर दया दाखवायची नाही.

१८ नोव्हेंबर. उपटणी आणि निवड

बावन्न दिवसांनी, १३ तारखेला, उपटायचं ठरलं होतं. १२ ला लक्ष्मीपूजन, १४ ला पाडवा, मजूर मिळाले नाहीत. पाच दिवस उशीर झाला. मुळ्यात पाच दिवस फार असतात, आतून भेंड पडायला, म्हणजे गाभा स्पंजासारखा कोरडा व्हायला, सुरुवात होते. पेरणीची तारीख ठरवताना उपटणीच्या आठवड्यात सण येतो का, हे आधी बघून घ्यावं.

आदल्या दिवशी हलकं पाणी दिलं, म्हणजे मुळा न तुटता निघतो. एकूण ९४० मुळे निघाले. ते वरंब्यावर ओळीने, पाल्यासकट, एकाच दिशेने मांडले. असे मांडल्याशिवाय निवड करू नये. हातात एकेक घेऊन ठरवलं की पहिल्या शंभरात निकष कडक राहतो आणि दमल्यावर सैल होतो.

काढून टाकलेले असे:

फाटे फुटलेले १७१, त्यांतले बहुतेक अर्धवट कुजलेल्या खताच्या त्या तीन वरंब्यांतले. तडे गेलेले ५८. ऑक्टोबरअखेर अकरा दिवस पाणी चुकलं आणि नंतर एकदम भरपूर दिलं, त्याचा हा परिणाम. रंगाला किंवा आकाराला वेगळे १०२. यांत खांद्यावर गुलाबी झाक असलेले २३ होते. म्हणजे मागच्या पिढ्यांत कधीतरी लाल मुळ्याचा पराग आलेला आहे. बारीक आणि केसाळ २१४. किडके, सडके ३५.

उरले ३६०. त्यांतून लांबी २५ ते ३० सेंटीमीटर, खांदा गोल, टोक एकसारखं निमुळतं, पाला आटोपशीर असे २७० घेतले. पाला फार मोठा आणि मुळा साधारण, असं झाड दिसायला जोमदार असतं पण बियाण्याला नको.

फाट्यांबद्दल एक सांगायला हवं. फाटे हा बऱ्याच अंशी जमिनीचा दोष असतो, वाणाचा कमी. त्या तीन वरंब्यांतले काही मुळे वाणाने चांगलेही असतील. पण कोणते ते बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून सगळे सोडले. खत नीट कुजलेलं असतं तर निवडीला दीडशे मुळे जास्त मिळाले असते.

निवडीत न बसलेले पण खाण्याजोगे मुळे चार-चारच्या १२० जुड्या करून विकले, जुडीला १२ रुपये. उरलेले चांगले ९० मुळेही त्यातच गेले. ही मोठी चूक. ते ओल्या वाळूत सावलीला पुरून ठेवायला हवे होते. का, ते २ डिसेंबरच्या नोंदीत आहे.

१८ ते २० नोव्हेंबर. छाटणी आणि लावणी

मुळ्याचा खालचा एक तृतीयांश भाग कापायचा, वरचा ठेवायचा. पाला ८ ते १० सेंटीमीटरवर कापायचा, पण मधला कोवळा गाभा शाबूत राहिला पाहिजे. पहिल्या चाळीसेक मुळ्यांचा पाला फार खालून कापला गेला आणि बऱ्याच जणांचा गाभा उडाला. अशा मुळ्याला बाजूने चार-पाच बारीक दांडे येतात, एक दमदार दांडा येत नाही.

कापल्यावर आतला भाग दिसतो, आणि इथे दुसरी निवड होते. काप घट्ट, पाणीदार, एकसारखा पांढरा हवा. मधे स्पंजासारखं पांढुरकं, कोरडं वर्तुळ दिसलं तर ते भेंड. असे ३८ निघाले, ते गुरांना घातले. कापण्याआधीची एक खूणही उपयोगी पडली. बाहेरचं जून पान देठाच्या बुडाशी मोडून बघायचं. देठ आतून पोकळ असेल तर मुळ्यातही भेंड असण्याची शक्यता मोठी असते. ही खूण दर वेळी खरी ठरत नाही, पण उभ्या पिकात चाचपायला बरी आहे.

लावायला उरले २३२. अंतर ६० बाय ४५ सेंटीमीटर, २९ च्या आठ ओळी.

पहिल्या चार ओळी (११६ मुळे) १८ तारखेलाच संध्याकाळी, कापल्या कापल्या लावल्या आणि लगेच पाणी दिलं. अंधार पडत होता म्हणून सरीच्या तळातच लावले, आणि काहींचा खांदा मातीखाली गेला. उरलेल्या चार ओळींचं बेणं कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाच्या पाण्यात (१० लिटरला २५ ग्रॅम) दहा मिनिटं बुडवलं, सावलीत पोत्यावर पसरून दीड दिवस सुकू दिलं आणि २० तारखेला वरंब्याच्या माथ्यावर लावलं, खांदा मातीच्या वर ठेवून. पाणी २१ ला, हलकं.

हा फरक मुद्दाम केलेला प्रयोग नव्हता, वेळ संपल्यामुळे झाला. पण त्यातून सगळ्यांत कामाची गोष्ट कळली.

२ डिसेंबर. सड

२६ आणि २७ नोव्हेंबरला अवकाळी पाऊस झाला. सऱ्यांत पाणी साचून राहिलं. आज वास आला म्हणून एकेक झाड हलवून पाहिलं. सरीत, ओल्या कापाने लावलेल्या ११६ पैकी ४९ सडलेले. वरंब्यावर, सुकवून लावलेल्या ११६ पैकी १२. एकूण ६१ गेले.

सड खालच्या कापापासून सुरू होते आणि वर चढते. वरचा पाला आठवडाभर हिरवाच दिसतो, म्हणून उशिरा लक्षात येतं. हलकेच ओढून पाहिलं की सडलेला मुळा सहज वर येतो, मुळं धरलेला येत नाही. लावणीनंतर दहाव्या दिवशी ही ओढून बघायची तपासणी करावी.

सडलेले काढून शेताबाहेर पुरले, खड्ड्यांत कॉपर ऑक्सिक्लोराइडचं पाणी ओतलं, सऱ्यांची तोंडं फोडून पाण्याला वाट दिली, आणि सरीतल्या जिवंत झाडांच्या खांद्यावरची माती बोटांनी मोकळी केली. त्यानंतर नवीन सड दिसली नाही. नांगे, म्हणजे मेलेल्या झाडांच्या मोकळ्या जागा, भरायला बेणं नव्हतं, कारण ते ९० मुळे विकले होते. उरली १७१ झाडं.

मुळा परपरागी आहे. एका झाडाचा पराग त्याच झाडावर सहसा बी धरत नाही. म्हणून झाडांची संख्या महत्त्वाची. पाच-दहा झाडांवरून बी धरलं तर काही पिढ्यांतच वाणाचा जोम खचतो. शंभराच्या खाली जायचं नाही असं ठरवलं होतं. आणखी एक पाऊस झाला असता तर आकडा तिथे आला असता.

२४ डिसेंबर

बहुतेक झाडांना दांडे आले. १२ डिसेंबरच्या आधीच दांडा काढलेली ६ झाडं उपटली. एक खुरपणी झाली. पाणी दहा-बारा दिवसांनी, वाफसा बघून.

थंडीतल्या वाणांवर हाच प्रयोग करू पाहणाऱ्यांसाठी: गावरान मुळा आणि पुसा चेतकी, पुसा देशी यांसारखे आशियाई गटातले वाण आपल्या हिवाळ्यात दांड्यावर येतात. पुसा हिमानीसारख्या थंड हवेच्या वाणांना दांडा यायला जास्त थंडी लागते. त्यांचं बी हिमाचलातल्या कुलू खोऱ्यासारख्या भागात धरतात. मैदानात त्या वाणांवर हंगाम घालवू नये.

४ जानेवारी २०२४. पहिली फुलं, आणि उशिरा सुचलेली फेरी

पांढरी, जांभळट शिरांची फुलं उमलायला लागली. आज एक किलोमीटरच्या परिघात फिरून दुसरा मुळा कुठे फुलतोय का ते पाहिलं. हे काम लावणीआधी करायचं असतं. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या मुळ्यापासून १००० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १६०० मीटर अंतर लागतं. घरच्या बियाण्याला तेवढं सक्तीचं नसलं तरी मधमाशी मर्यादा बघून थांबत नाही.

दोन ठिकाणी मुळा सापडला. एक, ३५० मीटरवर बाजाराचा वाफा, अर्धा दांड्यावर आलेला. भाव पडल्यामुळे तसाच सोडलेला होता. मालकाला १,५०० रुपये देऊन दोन दिवसांत रिकामा करून घेतला. डिसेंबरात विचारलं असतं तर बहुधा फुकट झालं असतं, कारण त्यांना पुढच्या पिकाला वाफा मोकळा करायचाच होता. दोन, ६०० मीटरवर एका घराच्या परसात डिंगऱ्यांसाठी, म्हणजे मुळ्याच्या कोवळ्या शेंगांसाठी, ठेवलेली १५ झाडं. डिंगरीची भाजी वर्षातून एकदाच होते, ती झाडं उपटा असं सांगणं बरं नव्हतं. मार्ग असा काढला: आपल्या शेताची गावाकडची पहिली ओळ बियाण्यातून वगळायची, तिच्या डिंगऱ्या त्या घराला द्यायच्या आणि त्यांनी आपली झाडं आत्ताच काढायची. बाहेरच्या परागाचा सगळ्यांत मोठा मारा कडेच्या ओळीवर होतो, त्यामुळे ती ओळ खाण्यात जाणं बियाण्याच्याही फायद्याचं.

शेजारी मोहरी आणि कोबी आहेत. त्यांची चिंता नाही. एकाच कुळातली असली तरी शेतात मुळ्याशी त्यांचा संकर होत नाही. मुळ्याला भीती फक्त दुसऱ्या मुळ्याची, आणि डिंगरीचा मुळा हाही मुळाच.

१७ जानेवारी. मावा

चार दिवस ढगाळ हवा, आणि मावा आला. सहा दिवस उशिरा दिसला, कारण पानं उलटून पाहत होतो. मुळ्यावर मावा आधी कळ्यांच्या गुच्छात शिरतो. गुच्छ बोटांनी फाकवून बघितल्याशिवाय दिसत नाही. २७ झाडांचे शेंडे चिकट होऊन वाकले होते.

ते शेंडे १० सेंटीमीटर खालून कापून पाण्याच्या बादलीत टाकले. बाकीच्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवल्या, फडक्याने दोनदा गाळलं, एकूण पाणी १० लिटर केलं, त्यात २० ग्रॅम साबण. आधी एकदाच गाळलं होतं, तेव्हा नोझल तीनदा तुंबलं आणि तासभर गेला. फवारणी सूर्य मावळल्यावर. फुलोऱ्यात दिवसा काहीही फवारू नये आणि रासायनिक कीटकनाशक तर नकोच. मुळ्याचं बी मधमाशीवर अवलंबून आहे. मावा मारताना माशा मेल्या तर शेंगा भरणारच नाहीत.

सहा दिवसांनी दुसरी फवारणी केली. तोवर ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या भरपूर दिसायला लागल्या होत्या, म्हणून तिसरी केली नाही. शेंडा कापलेल्या झाडांना बाजूचे दांडे फुटले, त्यांचा फुलोरा दहा दिवस मागे पडला, पण शेंगा नीट धरल्या.

दोन झाडांचे दांडे फुगून वेडेवाकडे झाले, पानांच्या खालच्या बाजूला पांढरे फोड. पांढरा तांबेरा. झाडं पिशवीत घालून बाहेर काढली. उरली १६३.

२९ जानेवारी

सकाळी दहा ते बारा या वेळात सातेरी आणि फुलोरी, दोन्ही मधमाशा भरपूर. दुपारी तीननंतर जवळजवळ नाहीत. खालच्या शेंगा करंगळीएवढ्या झाल्या.

८ फेब्रुवारी. झाडं लोळली

झाडं छातीएवढी झाली, वारा सुटला आणि सरीतल्या ओळी आडव्या झाल्या. आधार द्यायचं काम फुलोऱ्याआधी करायचं होतं. आता बांबू ठोकताना फांद्या मोडल्या. दर तीन मीटरवर बांबू, दोन्ही बाजूंनी सुतळीच्या दोन-दोन ओळी, एक गुडघ्याएवढ्या आणि एक कमरेएवढ्या उंचीवर. झाड सुतळीला बांधायचं नाही, दोन सुतळ्यांच्या मधे मोकळं ठेवायचं. बांबू आणि सुतळी १,२४० रुपये.

वरंब्यावरची झाडं कमी लोळली. खांदा उघडा ठेवल्याने झाड डळमळेल अशी शंका होती, ती खोटी निघाली.

१६ फेब्रुवारी. पोपट

हिरव्या, भरत्या शेंगांवर पोपटांची धाड. शेंग मधे चिरून बी तेवढं खातात, टरफल खाली टाकतात. चमकत्या फितीला चार-पाच दिवस बुजले, मग सरावले. शेवटी १,६५० रुपयांची जाळी घातली, बांबू होतेच. जाळी आठवडाभर आधी आली असती तर माझ्या अंदाजाने पाव किलो बी वाचलं असतं.

गावाकडच्या ओळीच्या (२४ झाडं) डिंगऱ्या काढायला सुरुवात. डिंगरी कोवळी असतानाच काढावी, नखाने सहज तुटली पाहिजे. आत बी कडक झालं की शेंग दोरदार लागते. बियाण्याला उरली १३९ झाडं.

११ मार्च. कापणी

शेंगा वाळून गवताच्या रंगाच्या झाल्या, फोडून पाहिल्यावर बी तांबूस-तपकिरी. मोहरीची शेंग वाळली की तडकते आणि बी सांडतं, मुळ्याची तडकत नाही. म्हणून घाई नसते. चारांपैकी तीन शेंगा वाळेपर्यंत थांबलो. झाडं बुडातून कापून ताडपत्रीवर, रात्री झाकून, दहा दिवस.

२१ मार्च. मळणी, दोनदा

न तडकणारी शेंग कापणीला सोयीची आणि मळणीला त्रासाची. ती आतून स्पंजासारखी असते, बी त्या स्पंजात बसलेलं.

पहिला प्रयत्न सकाळी साडेसातला. रात्रीच्या दमटपणाने शेंगा चामड्यासारख्या झालेल्या. बडवल्यावर चपट्या होत, फुटत नव्हत्या. दोन मजूर, दोन तास, हाती काहीच नाही. त्यात एका ढिगावर दगडी रूळ फिरवला, तर त्यातलं दहात एक बी फुटलं. तो ढीग वेगळा ठेवला, बियाण्यात घेतला नाही.

दुसरा प्रयत्न दुपारी दोनला, कडक उन्हात. शेंग बोटांत कटकन मोडत होती. शेंगा गोणपाटाच्या पोत्यात अर्ध्यापर्यंत भरल्या, तोंड बांधलं, खाली पोत्यांची घडी घातली आणि लाकडी धोपटण्याने बडवलं. सिमेंटच्या जमिनीवर थेट बडवू नये, बी फुटतं. दीड तासात सगळं झालं. ही मळणी फक्त दुपारीच करायची.

२६ मार्च. सफाई

वाऱ्यावर उफणून हलका भुसा गेला, पण शेंगेचे तुकडे बियांएवढेच, ते बियांसोबतच राहिले. चाळणीनेही वेगळे होईनात. शेवटी सूप कामी आलं. सूप थोडं उतरतं धरून हळू हलवलं की गोल बी घरंगळत पुढे येतं आणि टरफलाचा तुकडा मागे थांबतो. दोन जणींना सगळ्या बियांना एक पूर्ण दिवस लागला. वजन २.३२ किलो.

३० मार्च. वाळवण

सकाळी अकरापर्यंतचं ऊन, सुती कापडावर, चार दिवस. पत्र्यावर किंवा फरशीवर नाही. मोजलेलं १०० ग्रॅम बी वेगळ्या वाटीत ठेवून रोज तोललं. दोन दिवस वजन हललं नाही तेव्हा वाळवण थांबवलं. दाताखाली कट् असा आवाज आला पाहिजे, दाबलं गेलं तर ओल आहे. प्रमाणित बियाण्याला साध्या पिशवीत ६ टक्क्यांपर्यंत आणि हवाबंद डब्यात ५ टक्क्यांपर्यंत ओल चालते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं तर जास्तच वाळवावं लागतं, हे बरेच जण विसरतात आणि डब्यात बी कोंदटतं.

शेवटचं वजन २.१४ किलो, झाडामागे साधारण १५ ग्रॅम. स्टीलच्या डब्यात, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात.

५ एप्रिल आणि २० मे. उगवण

१०० बियांचे चार लॉट, ओल्या वर्तमानपत्राच्या गुंडाळ्यांत. मोजणी चौथ्या आणि दहाव्या दिवशी. ५ एप्रिलच्या चाचणीत दहाव्या दिवशी सरासरी ५८. बी बिघडलं असं वाटलं, आणि मळणीला दोष देऊन झाला. पण न उगवलेल्या बिया कुजलेल्या नव्हत्या, टणक होत्या. मुळ्याचं ताजं बी काही काळ झोपेत असतं. २० मेला तीच चाचणी पुन्हा केली: चौथ्या दिवशी ७९, दहाव्या दिवशी ८८. प्रमाणित बियाण्याची किमान अट ७० आहे. काढणीनंतर सहा आठवडे चाचणी करू नये, केली तर तिच्यावर निर्णय घेऊ नये.

२२ मे. खर्च

बी ९० रुपये, खत ३००, उपटणी आणि निवड १,६००, लावणी ८००, खुरपणी १,२००, कापणी-मळणी-सफाई २,०००, बांबू-सुतळी १,२४०, जाळी १,६५०, निंबोळी आणि साबण ३८०, कॉपर ऑक्सिक्लोराइड २१०, शेजारचा वाफा १,५००. एकूण १०,९७० रुपये. विकलेल्या मुळ्याचे १,४४० वजा केले तर ९,५३०. म्हणजे किलोला साधारण ४,४५० रुपये.

विकतच्या बियाण्यापेक्षा हे कितीतरी महाग आहे. बांबू आणि जाळी पुढे तीन-चार हंगाम चालतील, शेजारच्या वाफ्याचा खर्च वेळेवर बोललं तर टळेल, सड टळली तर त्याच मजुरीत तिप्पट नाही तरी दीडपट बी मिळेल. तरीही अर्ध्या गुंठ्यावर हे स्वस्त होणार नाही. गुंठ्याला १०० ग्रॅम धरलं तर एवढं बी २१ गुंठ्यांना पुरतं. चार-पाच घरांनी मिळून एकाच शेतात धरलं आणि वाटून घेतलं तर हिशोब बसतो. शिवाय तसं केलं तर गावात मुळा एकाच ठिकाणी फुलतो आणि अंतराचा प्रश्नही निम्मा होतो.

२४ सप्टेंबर २०२४. तुलना

एकाच वाफ्यात, त्याच खतात (या वेळी वर्षभर कुजलेलं आणि चाळलेलं), शेजारी शेजारी ओळी: जुन्या रीतीने धरलेलं बी आणि निवडीचं बी. विरळणीनंतर प्रत्येकी १०० झाडं. विरळणी अकराव्या दिवशी. मुख्य वाफा वेगळा, अर्धा गुंठा, पूर्ण निवडीच्या बियांचा.

१५ नोव्हेंबर २०२४. तुलनेची उपटणी

बावन्नावा दिवस, दिवाळी आधीच होऊन गेलेली, मजूर वेळेवर.

पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत दांडा काढलेली झाडं: जुन्या बियांत ९, निवडीच्या बियांत २. बाजाराला जाईल असा मुळा: जुन्या बियांत ३७, निवडीच्या बियांत ५८. केसाळ आणि बारीक: २६ आणि १४. फाटे दोन्हींत जवळपास सारखे, ११ आणि १०, म्हणजे फाट्यांबद्दलचा अंदाज बरोबर होता, खत सुधारल्यावर ते दोन्हींत कमी झाले. गुलाबी झाक जुन्यांत ३, निवडीच्यांत २. ही एका निवडीने गेलेली नाही, अजून दोन-तीन हंगाम तरी काढत राहावी लागेल.

मुख्य वाफा उद्या उपटायचा आहे. कापलेलं बेणं पोत्यावर सावलीत दीड दिवस राहील, वरंबे आज बांधून झाले. निवडीत न बसलेले चांगले मुळे वाळूत पुरायला कोपऱ्यात खड्डा तयार आहे, आणि लावणीला पंधरा दिवस होईपर्यंत त्यांतला एकही विकायचा नाही. परिघातल्या वाफ्यांची फेरी परवाच झाली. एक मुळ्याचा वाफा सापडला, तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रिकामा होणार आहे.